नवसात सोडलेलं सूप

मित्रांनो, रायपूरच्या पुरानी बस्तीत, एका गल्लीच्या टोकाच्या घरात, अंगणातल्या नळाजवळ जो बुडाशी काळा पडलेला जुना गंज दिसतो, तो मी. विदर्भातून इकडे आलेल्या घरांत मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात आणि ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. म्हणून मी जर्मनचा गंज. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे का, याची मला खात्री नाही. भांड्याला काय कळतं, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझ्या पोटात जे शिजलं आणि माझ्यासमोर अंगणात जे घडलं, तेवढंच मला ठाऊक आहे. सांगताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म भंगारातून झाला. फुटक्या किटल्या, चेपलेले डबे, स्कूटरचे तुटके भाग असं बरंच काही एका भट्टीत वितळलं आणि साच्यात ओतलं गेलं. त्यामुळे माझं बूड जाड आहे. दिसायला मी कधीच देखणा नव्हतो. गोल बाजारातल्या एका दुकानात चकचकीत स्टीलच्या डब्यांमागे मी बरेच दिवस पडून होतो. मग एकदा निरंजनराव आले. ते रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. काखेत वाचनालयाचं पुस्तक होतं. घासाघीस करायला ते लाजत. त्यांनी मला बोटानं ठोकून पाहिलं, आवाज ऐकला आणि काही न बोलता सायकलला बांधून घरी आणलं.

दारातच त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई उभ्या होत्या.

“हे काय आणलं?”

“गंज आहे. कोंबडीसाठी.”

“बाहेरच राहू द्या. माझ्या स्वयंपाकघरात हा आला त मी चालली अमरावतीले.”

“आत कोण नेऊन राहिलं त्याले?” निरंजनराव हळूच म्हणाले.

अशी माझी जागा ठरली. विनोदिनीबाईंचं अमरावतीचं माहेर शुद्ध शाकाहारी. सासरचे पुरुष कोंबडी खाणारे. अशा घरांत कोंबडीचं भांडं वेगळं, पळी वेगळी, घासणी वेगळी आणि चूलही वेगळी असते. माझी चूल म्हणजे अंगणातल्या तीन विटा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट, उघड्यावर राहिल्यामुळे मला जग जरा जास्त दिसलं. अंगणाला लागूनच परछी होती, म्हणजे छपराखालची ओसरी. घरातली माणसं बहुतेक वेळ तिथेच बसत. त्यांचं बोलणं मला ऐकू येई.

निरंजनरावांना एकच पदार्थ येत होता. तरुणपणी बिलासपूरला नोकरीला असताना एका म्हाताऱ्या गार्डसाहेबाच्या घरी त्यांनी कोंबडीचं सूप खाल्लं होतं. दाणे आणि कंदमुळं घातलेलं, दाट, एकाच वाटीत जेवण होईल असं. तेच ते दर रविवारी माझ्यात करत. आदल्या संध्याकाळी बरबटीचे, म्हणजे चवळीचे, सुके दाणे भिजत घालायचे. सकाळी थोड्या तेलात कांदा, आलं, लसूण परतायचं. मग हाडासकट गावरान कोंबडीचे तुकडे, हळद आणि भरपूर पाणी. दाणे अर्धे शिजले की जिमीकंद आणि कोचई, म्हणजे तुमचं सुरण आणि अळकुडी. मग गाजर. सगळ्यात शेवटी मुळा, कारण तो लगेच विरघळतो. मीठ आणि कुटलेली मिरी उतरवताना. विनोदिनीबाई कोंबडीला हात लावत नसत, पण भाज्या मात्र त्याच चिरून देत. ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवत आणि नाकाला पदर लावून आत जात.

सुरुवातीला एकदा निरंजनराव जिमीकंद चिंचेच्या पाण्यात टाकायला विसरले. पुस्तक वाचता वाचता तसाच माझ्यात लोटला. त्या दिवशी जो तो गळा खाजवत अंगणात नाचला. त्यांचा मुलगा बंडू तेव्हा शाळेत होता. तो हसता हसता जमिनीवर लोळला.

“बाबा, कोंबडीनं बदला घेतला!”

“पुस्तक वाचून स्वयंपाक होत नसते,” आतून विनोदिनीबाईंचा आवाज आला. “गूळ देऊ का?”

तेव्हापासून चिंच त्याच भिजवू लागल्या.

बंडू माझ्या वाफेवर वाढला, असं म्हटलं तर बढाई होईल. पण रविवारी शाळेचा गृहपाठ तो माझ्या चुलीशेजारीच करायचा, हे खरं. दाणा शिजला की नाही, ते बोटांत चिरडून तोच सांगायचा. “झालं!” म्हणून ओरडायचा. ते ऐकलं की मला वाटे, आपला जन्म कारणी लागला.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. फटाके मी ऐकले. गल्लीत पेढे वाटले. रस्ते खणले गेले, दिव्यांचे खांब आले, घरांची भाडी वाढली. बंडू तेव्हा बी. कॉम. होऊन नुसता हिंडत होता. शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाचे कारखाने धडाधड उभे राहत होते. त्यातल्या एकात त्याला काम मिळालं. विनोदिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

“राजधानी आपल्यासाठीच झाली म्हणा,” त्या म्हणाल्या.

कामावरून आल्यावर बंडू आधी माझ्याजवळच्या नळावर अंघोळ करी. त्याच्या अंगावरून जे पाणी ओघळे ते काळं असे. कान, नाक, भुवया, सगळीकडे बारीक काळी भुकटी. त्याच्याबरोबर पुष्कळदा गौतम यायचा. तो त्याच कारखान्यात, त्याच शेडमध्ये होता. त्याचे वडीलही विदर्भातून रेल्वेत आलेले. दोघे नळावर भांडत, एकमेकांवर पाणी उडवत आणि मग माझ्याभोवती बसत.

“काका, काय जादू आहे ह्याच्यात?” गौतम वाटी पुसून खात म्हणायचा. “दिवसभराची धूल खाली उतरते.”

“जादू नाही रे. दाणे आहेत,” निरंजनराव लाजून म्हणायचे.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. कौतुक ऐकायला मिळालं, आणि मी ते खरं मानलं.

खोकला केव्हा सुरू झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. आधी तो धुळीचा वाटला, मग हवा बदलल्याचा. पुढे पुढे बंडूला नळापासून परछीपर्यंत यायलाही मध्ये थांबावं लागे. डॉक्टरकडे गेले, बंडूच्या छातीचे फोटो काढले. परत आल्यावर निरंजनराव बराच वेळ चप्पल न काढता परछीत उभे होते. छातीत धूळ बसली होती. ती आता निघणार नव्हती. औषधांनी दम थोडा कमी झाला असता, एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात ताकद राहू द्या, खाईल ते खाऊ घाला.

बंडूची नोकरी सुटली. त्याची खाट परछीत आली. पोळी गिळताना त्याला दम लागे. भात दोन घास. सूप मात्र जाई. निरंजनराव आता रविवारची वाट पाहत नसत. दिवसाआड माझी चूल पेटे. दाणे इतके शिजवायचे की चमच्यानं दाबले तरी पीठ व्हावं. वाटी संपली की बंडूच्या कपाळावर घाम येई आणि तो उशीला टेकून थोडा वेळ शांत पडे. तो बरा होत होता, असं मी म्हणणार नाही. पण तो टिकून होता.

मग चैत्राचं नवरात्र आलं. आमच्या इकडे महामायेच्या देवळात लोक मनातली इच्छा बोलून ज्योत लावतात. विनोदिनीबाईंनीही लावली. घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. परछीत बंडूच्या पायाशी बसून त्या म्हणाल्या,

“मी बोलून आली देवीले. तू बरा होतपर्यंत तुझी आवडती वस्तू सोडली. ह्या घरात कोंबडी शिजणार नाही.”

“माझी आवडती?” बंडूनं विचारलं. “आई, तू तुझी काही सोडायची ना. चहा सोड.”

“माझ्या चहाचं देवीले काय? ज्याचं दुखणं त्याचंच सोडा लागते. मोठी वस्तू सोडली त मोठं देणं येते.”

मित्रांनो, ती बाई वाईट नव्हती. हे मी तुम्हांला अगदी मनापासून सांगतो. आपल्याकडे नवसाला आवडीची वस्तू सोडायची रीत आहे. देवाला काही मागायचं तर हात रिकामा नको, असं तिला वाटलं. मुलासाठी ती काहीही द्यायला तयार होती. पण द्यायला तिनं जे उचललं ते तिचं नव्हतं.

निरंजनराव तिथेच होते. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. मी वाट पाहिली की ते काही बोलतील. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी आणखी एक पान उलटलं. संध्याकाळी त्यांनी मला घासलं, कोरडं केलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

पालथ्या भांड्याला फार दिसत नाही. पण ऐकू येतं. खोकला ऐकू येई. वरण आणलं, नको. दूध आणलं, नको. “एक घास, माझ्यासाठी,” असं विनोदिनीबाई म्हणत, आणि तो घास थोड्या वेळानं बाहेर पडे. त्या स्वतः उपास करू लागल्या होत्या. दोघंही वाळत चालली होती.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी फाटक वाजलं. गौतम आला होता.

“काकू, देसी कोंबडी आणली. साफ करून आणली आहे. काकांच्या हातचं होऊ द्या आज.”

“ये, बस सावलीत. पाणी घे. पण ते घेऊन जा बाबा.”

“काहून?”

“नवस आहे.”

“कोणाचा? तुमचा?”

“त्याच्यासाठीच आहे.”

खाटेवरून बंडूचाच आवाज आला. “ले जा यार. आईनं देवीसोबत सेटिंग केली आहे. बीचमें मत बोल.”

तो हसायला गेला आणि खोकत राहिला. गौतम पिशवी घेऊन निघून गेला. पाण्याचा पेला त्यानं तसाच ठेवला होता.

त्यानंतरची एक दुपार मला विसरता येत नाही. विनोदिनीबाई देवळात गेल्या होत्या. परछीत बापलेक दोघंच होते.

“बाबा.”

“काय रे?”

“सूप करता का? अर्धी वाटी. बस.”

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग पावलं माझ्याकडे आली. किती दिवसांनी माझ्या पोटाला ऊन लागलं! निरंजनरावांनी मला घासलं. ते कोपऱ्यावर जाऊन कोंबडी घेऊन आले. भाज्या स्वतःच चिरल्या, वेड्यावाकड्या. दाणे भिजवायला वेळ नव्हता. त्यांनी तीन विटा सरळ केल्या, काटक्या पेटवल्या. माझ्यात पाणी ओतलं. पाणी कोमट झालं, मग बुडाशी बारीक बुडबुडे आले. परछीतून बंडू मान उचलून पाहत होता.

तेवढ्यात फाटक उघडलं.

“हे काय करून राहिले तुमी?”

“त्यानं मागितलं.”

“मागितलं म्हणून द्यायचं? लहान पोट्टा आहे का तो? उद्या त्याले काही झालं त देवीपुढे कोण उभं राहील? तुमी?”

“अर्धीच वाटी…”

“थोडा धीर धरा ना हो.” विनोदिनीबाई रडू लागल्या होत्या. “एवढे दिवस काढले. बरा झाला की रोज करा. मी भाज्या चिरून देईन, रोज. आज मोडू नका. तुमच्या पाया पडते.”

आणि त्या खरंच वाकल्या. निरंजनराव मागे सरकले. मला वाटलं, आता ते बोलतील. माझ्या पोटातलं पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी एकदा परछीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग नळाचं पाणी तांब्यात भरलं आणि चुलीवर ओतलं. निखारे चरचरले. माझ्यातलं गरम पाणी त्यांनी नालीत सोडलं. कोंबडी शेजारी देऊन टाकली.

बंडूनं भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटतं, त्यानंतर त्यानं कोणाकडे काही मागितलं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात तो गेला. लोक आले, गेले. महादेव घाटावर सगळं झालं. तेरवीही झाली. मग विदर्भातून आलेला एक म्हातारा नातेवाईक म्हणाला की आता पोराच्या आवडीचं पान वाढा, गच्चीवर ठेवा, म्हणजे त्याचा जीव अडकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोदिनीबाई अंगणात आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी मला उचललं, राख घेतली आणि घासू लागल्या. नाकाला पदर नव्हता.

“अहो,” त्यांनी हाक मारली. “आता नवस कुठे राहिला? तुमी सूप करा. त्याच्या पानावर वाढू.”

“नाही,” निरंजनराव म्हणाले.

मित्रांनो, बायकोला त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

“काहून नाही?”

“जित्या पोराले अर्धी वाटी नाही दिली. आता कावळ्यासाठी चूल पेटवू?”

“मी त्याच्यासाठीच त सोडलं होतं ना!”

“तू काय सोडलं, विनोदिनी? तुले त त्याचा वासही चालत नाही. सोडलं त्यानं. तू फक्त देवीले सांगितलं.” ते थांबले. “अन् मी त तुले एवढंही सांगितलं नाही.”

विनोदिनीबाईंचा हात माझ्या कडेवर तसाच राहिला. राख त्यांच्या बोटांतून गळत होती. त्या रडल्या नाहीत. मी भांडं आहे. मला त्यांच्या मधून उठून जाताही येत नव्हतं.

तेव्हा फाटकाबाहेर कोणीतरी खोकलं.

दोघांनीही एकदम मान वर केली. तो खोकला त्या घराला पाठ होता. कोरडा, शेवटी शिट्टीसारखा आवाज येणारा. फाटक ढकलून गौतम आत आला. पाळी संपवून तो सरळ भेटायलाच आला होता. भुवयांत काळी भुकटी तशीच होती.

“बस,” विनोदिनीबाई म्हणाल्या. मग विचारलं, “कधीपासून आहे रे हे?”

“काही नाही काकू. धूल आहे. शेडमध्ये सब को होता है.”

“डॉक्टरले दाखवलं?”

“दाखवतो ना. सुट्टी भेटू द्या.”

“जेवण जाते का?”

गौतम नळाकडे पाहू लागला. “भात जाते. पोळी जरा अटकते.”

विनोदिनीबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग राखेचे हात पदराला पुसत उठल्या. “काय खावंसं वाटते तुले? तू सांग. मी नाही सांगत.”

गौतमनं परछीकडे पाहिलं. खाट काढलेली होती. “आज कशाला काकू? आज कसं…”

“आजच. सांग.”

तो फार हळू बोलला. “काकांचं सूप.”

निरंजनराव कधी उठले आणि पिशवी घेऊन कधी निघाले, ते मला कळलंही नाही. त्या दिवशी दाणे न भिजवताच टाकले. फार वेळ लागला. काटक्या संपल्या तेव्हा विनोदिनीबाईंनी आतून लाकडं आणून दिली. गौतमनं एक वाटी खाल्ली, मग आणखी अर्धी. दाणे थोडे कच्चेच होते. मध्ये मध्ये तो खोकत होता. दोघं त्याच्यासमोर बसली होती. पण तो खात होता.

सूपानं त्याचा खोकला गेला, असं मी तुम्हांला सांगणार नाही. तसं होत नसतं. विनोदिनीबाई त्याच्या मागे लागून त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथे जे कळलं ते त्यांनी एकदा ऐकलेलंच होतं. शेडचं काम त्यानं सोडलं, पण फार उशिरा सोडलं. आता तो सिलतऱ्याजवळच्या आपल्या खोलीतच असतो. मागच्या महिन्यापासून त्याला इथवर येववत नाही.

म्हणून निरंजनराव सकाळी लवकर उठतात. ते आता फार म्हातारे झाले आहेत. हात थरथरतात, जिमीकंद चिरताना विनोदिनीबाई त्यांच्यापुढून विळी ओढून घेतात. मी शिजवतो. गरम सूप डब्यात भरून ते बसनं जातात. कधी गौतम डबा संपवतो, कधी दोन चमचे घेऊन ठेवून देतो. परत आले की विनोदिनीबाई फाटकातच विचारतात, “खाल्लं का?” बस. दुसरं काही विचारत नाहीत.

मित्रांनो, माझ्या कडा आता झिजल्या आहेत. बुडाला एक बारीक भेग पडली आहे, ती कधी मोठी होईल सांगता येत नाही. आमच्यासारख्या भांड्यांना घासून, पुसून, जपून वापरा, हे तर सांगतोच. पण त्यापेक्षा एक मोठी गोष्ट मागायची आहे. मागावी की नाही, असं मला कितीदा तरी वाटलं. तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण त्याच्या वाटणीचं काही सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच विचारा की तुला काय खावंसं वाटतं. त्यानं सांगितलं की शुभ दिवस पाहू नका, कोणाची परवानगी घेऊ नका, बरा झाल्यावर देऊ असं म्हणू नका.

उठा आणि चूल पेटवा.